जुनी गाडी पुन्हा पुन्हा तापते? रेडिएटर घेण्याआधी हे तपासा

नवा रेडिएटर बसवूनही काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला, की माणूस खचतो. माझं तसंच झालं होतं. गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडरची, ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) आणि त्यावरचं हेड दोन्ही बिडाचे. तीन वर्षांत तिला दोनदा नवं कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्या आणि पातळ पट्ट्यांचा गाभा, घातलं, वॉटर पंप बदलला, वर इलेक्ट्रिक फॅनही लावला. दर वेळी चार-पाच महिने सुखाचे जायचे आणि मग एखाद्या लांब चढावर काटा हळूच वर. चौथ्या वर्षी ब्लॉक साफ करायला घेतला तेव्हा कळलं, की मूळ दुखणं त्याच्या पोटात होतं. तिथला गंज सुटून दर वेळी नव्या कोअरच्या नळ्यांत जाऊन बसत होता.

म्हणून ‘कोणता रेडिएटर घेऊ?’ या प्रश्नाकडे मी उशिरा येणार आहे. त्याआधीच्या बहुतेक तपासण्यांना एक सुट्टीचा दिवस पुरतो आणि खर्च जवळपास काहीच नाही.

आधी ठरवा: नेमकी कधी तापते?

या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. वहीत लिहून काढा: उभी असताना, गर्दीत रांगताना, सपाट रस्त्यावर वेगात, चढावर, की सुरू केल्यापासून पाच मिनिटांत?

गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येतो, तर अडचण वाऱ्याची आहे. गाडी ताशी ६० किलोमीटरच्या पुढे पळायला लागली की समोरून येणारा वारा पुरेसा असतो, पंखा तेव्हा नसला तरी चालतो. त्यामुळे वेगात थंड राहणाऱ्या गाडीला मोठा रेडिएटर घालणं म्हणजे दुखणं गुडघ्याला आणि लेप खांद्याला.

याच्या उलट, गर्दीत निवांत आणि वेगात किंवा चढावर तापणारी गाडी. इथे वारा मुबलक आहे, पण पाणी नीट फिरत नाही, किंवा कोअर उष्णता सोडत नाही, किंवा इंजिनच नको तेवढी उष्णता तयार करतंय. जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की तो हिस्सा भराभर वाढतो आणि झाकलेलं व्यंग उघडं पडतं.

थंड इंजिन सुरू करून काही मिनिटांतच काटा उसळत असेल, तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला आहे, कुठेतरी हवा कोंडली आहे, किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) गेलं आहे. आणि गाडी बंद केल्यावर काटा थोडा वर जात असेल तर तो आजारच नाही. पंप थांबतो, बिडातली उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते, दहा मिनिटांत सगळं निवतं. पाणी उकळून बाहेर येत नसेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

काटा खरं बोलतोय का?

जुन्या गाड्यांत पुष्कळदा इंजिन ठीक असतं आणि मीटर खोटं सांगतं. साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत तापमान आणि पेट्रोल या दोन्ही मीटरना एका छोट्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून साधारण १० व्होल्टचा पुरवठा असतो. त्याचा अर्थ (बॉडीला असलेली विजेची जोडणी) निसटला किंवा तो आतून अडकला, तर मीटरला थेट बॅटरीचा दाब मिळतो आणि दोन्ही काटे वर दाखवतात. तापमानाचा काटा चढतो तेव्हा पेट्रोलचाही चढतो का, एवढं बघा. चढत असेल तर रेडिएटरला हातही लावू नका.

इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला तर एक गोष्ट सांभाळा. चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियमवर नेम धरला तर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी काळ्या चिकटपट्टीचा रुपयाएवढा तुकडा लावा आणि त्यावर मोजा. मी ही पट्टी लावायच्या आधी आठवडाभर चुकीचे आकडे लिहीत होतो.

दुसरी फसवणूक पातळीची. ओव्हरफ्लोची बाटली नसलेल्या गाडीत रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, तर पहिल्याच फेरीत पाणी बाहेर पडतं. २० अंशांवरून ९० अंशांवर जाताना पाणी सुमारे साडेतीन टक्के फुगतं, म्हणजे दहा लिटरमागे साधारण ३५० मिली. ते जाणार कुठे? मालक ‘पाणी कमी झालं’ म्हणून पुन्हा गळ्यापर्यंत भरतो, गाडी पुन्हा तेवढंच ओकते, आणि गळती शोधण्यात महिना जातो. थंड असताना वरच्या टाकीत दोन-तीन सेंटिमीटर जागा रिकामी राहिलीच पाहिजे.

उभी असताना तापणारी गाडी

गाडी आयडलिंगला, म्हणजे उभी आणि रेस न देता चालू, ठेवून जाळीसमोर एक कोरा कागद धरा. पंख्याने तो ओढून जाळीला चिकटवून धरला पाहिजे. मधोमध चिकटतो आणि कोपऱ्यांत गळून पडतो, असं झालं तर पंखा फक्त मधल्या गोलातून वारा खेचतोय आणि कोअरचे चारही कोपरे फुकट आहेत.

यावर सगळ्यात गुणकारी आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे श्राउड, पंख्याभोवतीचं पत्र्याचं किंवा फायबरचं आवरण. त्याने संपूर्ण कोअरवरची हवा पंख्याकडे वळते. पाती आवरणात साधारण अर्धी आत आणि अर्धी बाहेर असावीत. पातीचं टोक आणि आवरणाची कड यांत एक-दोन सेंटिमीटरच फट हवी, पण इंजिन रबरी माऊंटिंगवर हलतं हे विसरू नका, नाहीतर पहिल्याच झटक्यात पाती घासतात. मी श्राउड आधी पुठ्ठ्याचं कापून बसवून पाहिलं होतं. गर्दीतला काटा त्याच दिवशी खाली आला, मग पत्र्याचं केलं.

त्याच्याइतकंच महत्त्वाचं, रेडिएटरच्या कडेच्या फटी. हवा आळशी असते. कोअरच्या दाट जाळीतून जाण्याऐवजी बाजूच्या मोकळ्या फटीतून ती आनंदाने निघून जाते. रेडिएटर आणि पुढचा पत्रा यांमधली प्रत्येक फट रबराने किंवा फोमने बंद करा. मूळ गाडीत बॉनेटखाली एक रबरी पट्टी असायची. पुन्हा रंगकाम करताना ती काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. ती नसली की आयडलिंगला इंजिनवरची तापलेली हवा पुढे वळून परत रेडिएटरमधून येते. गाडी स्वतःचाच उच्छ्वास घेत बसते.

जाळीसमोर नंतर लावलेले फॉगलॅम्प, मोठा हॉर्न, बिल्ले, पुढची नंबरप्लेट, या सगळ्यांची सावली कोअरवर पडते. पट्ट्यांमधले किडे आणि माती मागच्या बाजूने पाणी मारून काढा, पण पाण्याचा दाब कमी ठेवा. जोरात मारलं तर पट्ट्या आडव्या होतात. कुणी चकाकीसाठी कोअरला जाड रंग फासला असेल तर तो रंग म्हणजे पांघरूण आहे. मॅट काळा, अगदी विरळ हात, एवढाच चालतो.

पंख्याचा पट्टा आणि पाती यांवरही एक नजर टाका. लांबच्या टप्प्यावर अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १२ मिलिमीटर दबावा. यांत्रिक पंखा उलटा बसवला तर वारा फेकायची दिशा तीच राहते, पण पातीचा बाक चुकीच्या बाजूला गेल्याने वारा फार कमी येतो. म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही.

वेगात आणि चढावर तापणारी गाडी

माझी गाडी मुख्यतः या गटातली, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

गाडी पूर्ण गरम करा, थर्मोस्टॅट पुरता उघडू द्या आणि आयडलिंगपेक्षा थोडी जास्त रेस ठेवून वरच्या आणि खालच्या तोंडाशी तापमान घ्या. निरोगी गाडीत पाच ते दहा अंशांचा फरक दिसतो. वीस अंशांच्या वर गेला तर पाणी फारच सावकाश जातंय: पंप थकला आहे किंवा वाट तुंबली आहे. उलट दोन्ही तोंडं जवळजवळ सारखीच तापलेली असतील तर पाणी फिरतंय, पण कोअर उष्णता सोडत नाही. मग कोअरच्या तोंडावर चौकटीत फिरवून मोजा. एखादा उभा पट्टा थंड सापडला तर त्या नळ्या बंद आहेत.

पितळी-तांब्याच्या जुन्या कोअरचा आणखी एक आजार बाहेरून दिसत नाही. पट्ट्या नळ्यांना डाखाने जोडलेल्या असतात. वर्षानुवर्षांच्या ओलीने तो जोड सुटतो. पट्ट्या जागेवर दिसतात, पाणी गळत नाही, नळ्या मोकळ्या असतात, तरी उष्णता नळीतून पट्टीत पोचतच नाही. खालच्या भागातल्या दोन-तीन पट्ट्या नखाने हलवून बघा. त्या सैल हलल्या किंवा हिरवट भुकटी होऊन गळाल्या, तर त्या कोअरला कितीही धुतलं तरी उपयोग नाही.

खालचा होज पाईप हा चोर आहे. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर मऊ पडलं आणि आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर जास्त रेसला तो आतल्या आत चिपाडासारखा दबतो आणि पाणी बंद होतं. रेस सोडून बॉनेट उघडेपर्यंत तो पुन्हा गोल झालेला असतो. म्हणून गरम इंजिनला रेस देताना दुसऱ्याने पाईपकडे बघत राहावं, हात आणि कपडे पंख्यापासून लांब ठेवून.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि पुष्कळ गाड्यांत तोच घातक ठरतो. बऱ्याच इंजिनांत पंपाकडे परत जाणारी बायपासची वाट असते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचा खालचा भाग ती वाट बंद करतो. तो काढला की पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला वळसा घालून तसाच गरमागरम इंजिनात परततो. थर्मोस्टॅट तपासायचा तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर सोडा आणि गॅस लावा. ८२ चा असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागेल आणि ९२-९५ पर्यंत पुरता उघडेल. कमी अंशांचा, म्हणजे ७४ चा, बसवल्याने रेडिएटरची ताकद वाढत नाही; काटा वर जायला थोडा उशीर होतो इतकंच. बसवताना त्याच्या चकतीतलं छोटं भोक किंवा हलती पिन सगळ्यात उंच बाजूला ठेवा, म्हणजे हवा निघून जाते.

आता ब्लॉक. माझ्या ब्लॉकच्या मागच्या बाजूला, खाली, पाणी सोडायचा पितळी नळ आहे. पाणी बदलताना मी तो कधी उघडलाच नव्हता. रेडिएटरचा खालचा पाईप सोडून मोकळा व्हायचो. त्या दिवशी नळ उघडला, थेंबही आला नाही. नळ पूर्ण काढला, भोक कोरडं. कडक तार आत घातली तर बोटभर आत जाऊन मऊ काहीतरी लागलं. तार फिरवत राहिलो, आणि अचानक चिखलासारखा तपकिरी-काळा लगदा बाहेर आला, मागून मचूळ पाण्याची धार. मग बाजूचे वेल्च प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं, काढले. पहिल्या सिलिंडरभोवतीची वाट स्वच्छ, दुसऱ्याची बरी, तिसरीत गाळ, आणि चौथ्याभोवती जवळजवळ अर्ध्या उंचीपर्यंत गंज आणि ओतकामाची वाळू घट्ट बसलेली. चौथा सिलिंडर पंपापासून सगळ्यात लांब, पाण्याचा जोर तिथे सगळ्यात कमी, म्हणून गाळ तिथेच थरावर थर साचतो. मीटरचा सेन्सर पुढे असल्यामुळे मागच्या सिलिंडरची अवस्था त्याला कधी कळलीच नाही.

दोन तास तारेने आणि वाकवलेल्या स्क्रूड्रायव्हरने खरवडत गेलो. मग थर्मोस्टॅट काढून हेडच्या तोंडातून पाण्याची नळी लावली आणि नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, नळाच्या आणि प्लगच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. हे करताना रेडिएटर आणि हीटर सोडवून ठेवा, नाहीतर ब्लॉकमधली सगळी घाण तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांत भराल. उरलेल्या गंजासाठी सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण वापरलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं आणि चार वेळा साध्या पाण्याने धुतलं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर ॲसिडच्या वाटेला जाऊ नका. प्लग काढलेच आहेत तर परत जुने ठोकू नका, नवे बसवा.

सगळं जोडल्यावर एक जुनी युक्ती केली. वरच्या होज पाईपमध्ये, रेडिएटरच्या तोंडाशी, नायलॉनच्या पातळ पायमोज्याचा तुकडा पिशवीसारखा अडकवला आणि क्लिप आवळली. दोनशे किलोमीटरनंतर काढला तर त्यात चमचाभर गंजाचे कण होते, इतकं धुऊनही. महिनाभर तो अधूनमधून रिकामा केला. कण यायचे थांबल्यावर काढून टाकला. तो विसरू नका, भरला की तोच पाणी अडवतो.

पाण्याशी संबंध नसलेली कारणं

इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलं असेल तर पेट्रोल उशिरा जळतं, जळण्याचा बराच भाग पिस्टन खाली जाताना आणि एक्झॉस्टच्या वाटेत होतो आणि ती उष्णता हेडभोवतीच्या पाण्यात जाते. स्ट्रोब लाइटने तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) पातळ नळी तोंडाने ओढा. ओढ टिकली पाहिजे आणि आतली प्लेट हलली पाहिजे. पडदा फाटलेला असेल तर सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना इंजिनला लागणारा ॲडव्हान्स मिळत नाही. कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असेल तर स्पार्क प्लग पांढरे पडतात. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिला असेल तर इंजिनला चढाचं काम सपाटीवर करावं लागतं. चार चाकांच्या ड्रमला थर्मामीटर लावून एक मिनिटात कळतं.

हेड गॅस्केटसाठी, थंड इंजिन रेडिएटरची कॅप काढून सुरू करा. पाण्यात सतत बारीक बुडबुडे येत राहिले, किंवा कॅप लावून सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. निळ्या द्रावणाची चाचणी मिळते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, जळलेला वायू असेल तर निळं पिवळं होतं. नुकतंच इंजिन उघडून जोडलं असेल तर गॅस्केट उलटं बसलं नाही ना, याचीही शंका घ्या. काही गॅस्केट उलटी बसतात आणि मागची पाण्याची भोकं झाकून टाकतात.

आता रेडिएटर

एवढं करूनही वेगात तापत असेल, किंवा कोअर खरोखर कुजलं असेल, किंवा इंजिन मूळपेक्षा जोरकस केलं असेल, तर रेडिएटर निवडायची वेळ आली.

पहिला विचार क्षेत्रफळाचा. वाऱ्याला सामोरा जाणारा चेहरा जितका मोठा तितकं चांगलं. जाडी वाढवल्याने मिळणारा फायदा नळ्यांच्या दर ओळीमागे घटत जातो, कारण मागच्या ओळीला मिळणारी हवा पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली असते, आणि जाड कोअरमधून हवा ढकलायला पंख्याला जास्त जोर लागतो. गर्दीत तापणाऱ्या गाडीला चार ओळींचं जाड कोअर घातलं तर ती पूर्वीपेक्षा जास्त तापू शकते. पट्ट्यांच्या दाटीचंही तेच. इंचाला दहा ते चौदा पट्ट्या हे बहुतेक जुन्या गाड्यांना मानवतं. त्याहून दाट कोअर वेगात छान चालतं, पण आयडलिंगला कमजोर पंख्यापुढे भिंतीसारखं उभं राहतं.

तांबं-पितळ की ॲल्युमिनियम? तांबं ॲल्युमिनियमच्या दुपटीच्या आसपास उष्णता वाहून नेतं हे खरं, पण नळी आणि पट्टी यांमध्ये शिसं-कथिलाचा डाख असतो आणि त्याची उष्णता वाहण्याची ताकद तांब्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाइतकी. ॲल्युमिनियमचं कोअर भट्टीत ब्रेझ करून जोडलेलं असतं आणि धातू ताठ असल्याने नळ्या रुंद करता येतात: पितळी नळी साधारण अर्धा इंच रुंद, तर ॲल्युमिनियमची एक इंच किंवा जास्त. म्हणून दोन ओळींचं चांगलं ॲल्युमिनियम कोअर चार ओळींच्या पितळी कोअरची बरोबरी करतं, आणि वजनाला निम्म्यावर येतं. नुसत्या ओळी मोजून तुलना करू नका.

पण पितळी रेडिएटर दुरुस्त होतो. टाक्या उघडून नळ्यांत सळई फिरवता येते, एखादी फुटकी नळी डाखाने बंद करता येते, आणि तो गाडीचा मूळ चेहरा आहे. इंजिन मूळ ताकदीचं असेल तर माझं स्पष्ट मत असं: मूळ पितळी टाक्या आणि कंस जपा आणि त्यांत त्याच आकाराचं, आजच्या बनावटीचं चांगलं कोअर घाला. जाड कोअर घालायचंच तर पंख्याची पाती आणि कोअर यांत निदान २५ मिलिमीटर अंतर उरतंय का, हे जुना रेडिएटर जागेवर असतानाच मोजा. इंजिन बदललं असेल, कॉम्प्रेशन वाढवलं असेल, वातानुकूलन जोडलं असेल, तर ॲल्युमिनियम घ्या.

ॲल्युमिनियम घेतला तर तो रबरावर बसवा, बॉडीला थेट कसू नका. जुन्या गाडीत इंजिनची अर्थची तार कमकुवत असली की विजेला पाण्यातून वाट सापडते आणि नवा रेडिएटर काही महिन्यांत सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी गळायला लागतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकाला, दुसरी रेडिएटरच्या पाण्यात, धातूला न लावता. गाडी सुरू, दिवे आणि पंखा चालू. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी अर्थ सुधारा.

उभ्या नळ्यांच्या जागी आडव्या नळ्यांचा रेडिएटर बसवत असाल तर कॅप पंपाकडे पाणी जाणाऱ्या टाकीवर हवी. पाणी आत येणाऱ्या टाकीवर असेल तर जास्त रेसला पंपाचा दाबही कॅपवर पडतो आणि ती वेळेआधीच उघडते. आणि भरायचं तोंड हे सगळ्यात उंच ठिकाण असायला हवं.

ज्यांच्या गाडीला पंपच नाही त्यांनी यातलं बरंचसं बाजूला ठेवावं. १९०८ ते १९२७ या काळातल्या फोर्ड मॉडेल टीपैकी बहुतेक गाड्या थर्मोसायफनवर चालल्या: तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड खाली उतरतं, तेवढ्यावर सगळा कारभार. तिथे अरुंद नळ्यांचं कोअर घातलं तर तो मंद प्रवाह अडतो. पाण्याची पातळी वरच्या पाईपच्या तोंडाखाली गेली की फिरणं थांबतंच.

फॅन, कॅप आणि कूलंट

इलेक्ट्रिक फॅन लावण्याआधी डायनामोकडे बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांतला लुकास सी४० डायनामो २२ अँपिअरचा, तोही चांगल्या रेसला. आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही, आणि फॅनची गरज नेमकी तेव्हाच. मोठा फॅन एकटा दहा-पंधरा अँपिअर खातो. रात्री, दिवे आणि वायपर चालू, गर्दीत, ही परिस्थिती बॅटरी फार वेळ सोसत नाही. मी माझा फॅन काढून टाकला. ठेवायचा असेल तर अल्टरनेटर, रिले आणि स्वतंत्र फ्यूज आधी. फॅन कोअरच्या मागून खेचणारा घ्या. पुढे लावलेला ढकलणारा फॅन स्वतःच वाऱ्याची वाट अडवतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या) तारा सवयीप्रमाणे जोडल्या तर मोटर उलटी फिरते आणि फॅन समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत बसतो. जोडल्यावर कागद धरून दिशा बघाच.

प्रेशर कॅप मूळ पुस्तकात दिली आहे तेवढ्याच दाबाची. दाबाच्या दर १ पीएसआयमागे (पौंड प्रति चौरस इंच) पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, म्हणून ७ च्या कॅपखाली पाणी ११० च्या जरा वर उकळतं. १५ ची कॅप लावली म्हणून गाडी थंड होत नाही, ती उशिरा उकळते, आणि तो जादा दाब जुना हीटर आणि डाखाचे जोड सोसतील याची खात्री नसते. कॅपची खोलीही जुळायला हवी. गळे दोन मापांचे येतात, १९ आणि २५ मिलिमीटर खोल. खोल गळ्यावर आखूड कॅप वरून घट्ट बसते, पण तिची चकती आत टेकतच नाही आणि दाब धरला जात नाही. थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर कॅपमधली परत हवा घेणारी छोटी झडप अडकली आहे. गरम असताना कॅप कधीही उघडू नका, फडकं धरूनही नाही. दाब सुटताच सगळं पाणी एकदम उकळून अंगावर येतं.

कूलंट निवडताना रंगावर जाऊ नका. रंगाला कुठलंही एक प्रमाण नाही. डब्यावर तांबं, पितळ आणि डाख यांना चालतं असं लिहिलेलं, जुन्या पद्धतीच्या अजैविक गंजरोधकांचं घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. ग्लायकॉल (कूलंटमधलं पाणी गोठू न देणारं द्रव्य) मिसळलेलं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा किलोमागे कमी उष्णता वाहतं, निम्म्या-निम्म्या मिश्रणात साधारण सातवा हिस्सा कमी. म्हणून जिथे बर्फ पडत नाही तिथे निम्मं ग्लायकॉल लागत नाही, पण एक तृतीयांशाच्या खाली जाऊ नका, गंजरोधकही तेवढाच पातळ होतो. पाणी डिस्टिल्ड. नळाच्या जड पाण्याने आत क्षार बसतात. गळती थांबवणारी पूड मी कधीच टाकत नाही, ती भोकाआधी कोअरच्या नळ्या शोधते.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, सावकाश भरा आणि वरचा होज हाताने दाबून सोडत राहा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत. कॅप उघडी ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आयडलिंगला चालवा, पातळी अचानक उतरली की भर घाला, मग कॅप लावा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर इंजिन रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पाहा. पातळी प्रत्येक वेळी थोडी उतरेल आणि मग एका जागी थांबेल. माझ्या गाडीत ती वरच्या टाकीतल्या आडव्या डाखाच्या रेषेवर थांबते. तेव्हापासून मी त्या रेषेच्या वर एक थेंबही घातलेला नाही.